मिस्टर नेप यांचं काडतूस

टॅनरी रनच्या शिकारी मंडळाने यंदा रायफली तपासायचं काम जोलीन यार्नलवर सोपवलं, तेव्हा मंडळातल्या निम्म्या पुरुषांना हसू आलं आणि उरलेल्या निम्म्यांनी ते शेजारी बायको बसली होती म्हणून दाबलं. जोलीन एक्केचाळीस वर्षांची, लाकडाच्या गिरणीत फोरमन, दोन वाढत्या मुलांची आई. हसणाऱ्यांचं तिला काही वाटलं नाही. गिरणीत असले अठरा जण ती रोज सकाळी कामाला लावत होती.

मे महिन्यातला मंगळवार होता. दरवर्षी या सुमारास राज्यभरातून लोक हॅरिसबर्गला विधान भवनाच्या पायऱ्यांसमोर जमायचे. बंदुकीच्या हक्काच्या पाट्या हलवायचे, भाषणं ऐकायचे, आपापल्या आमदाराला गाठून त्याचा हात जरा जास्तच जोरात दाबायचे आणि दूध काढायच्या वेळेला घरी परत यायचे. ज्याला हवी त्याने आपली रायफल खांद्याला लावून न्यावी. मात्र टॅनरी रनच्या बसमध्ये चढण्याआधी प्रत्येक रायफलीचा बोल्ट मागे ओढायचा, गोळी बसते ते चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि त्यात नारिंगी प्लास्टिकची पट्टी खोचायची, हा मंडळाचा नियम. पट्टी बाहेर डोकावत असली की लांबूनही कळतं, इथे गोळी नाही. भरलेली रायफल गाडीत ठेवणं हा पेनसिल्व्हेनियात कायद्याने गुन्हा आहे, पण टॅनरी रनमध्ये कायद्याला कोण विचारतो? तिथे ती लाजेची गोष्ट होती. तसं करणाऱ्याला लोक पुढची दहा वर्षं दुकानात वाट करून द्यायचे, ते अंग चोरून.

सकाळी सहाला अग्निशमन दलाच्या हॉलसमोर बस उभी होती. जोलीन मांडवात नवरी बघायला आलेल्या सासूच्या चेहऱ्याने एकेकाची रायफल बघत होती.

"मर्ल, बोल्ट उघड."

"अगं, काल रात्री बायकोने उघडून बघितलीय," मर्ल म्हणाला. मर्ल हा बसचा ड्रायव्हर, आणि तोंडाचा पट्टा बसच्या इंजिनाआधी सुरू होणारा माणूस.

"मग तिला घेऊन ये. ती सांगेल तर ठेवते विश्वास."

"तिला आणलं तर मी बस घेऊन एकटाच पळून जाईन." पण त्याने बोल्ट उघडला. जोलीनने आत बघितलं, पट्टी खोचली, पुढच्याला हाक मारली.

सगळ्यांत शेवटी आले मिस्टर नेप. एल्वुड नेप, वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काटकुळे, उन्हाळा असो की हिवाळा अंगात तोच लाल चौकड्यांचा शर्ट. मुलांना शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो, आणि टॅनरी रनच्या पंचक्रोशीत हा वर्ग चाळीस वर्षं त्यांनीच घेतला होता. त्यामुळे पन्नाशी उलटलेले, नातवंडं असलेले लोकही त्यांना 'मिस्टर नेप' म्हणायचे. एल्वुड म्हणायचा हक्क फक्त एकीला होता, त्यांच्या बायकोला, व्हर्नाला, आणि ती तो हक्क दिवसातून शंभरदा बजावायची.

"एल्वुड, तो डबा आडवा धरू नकोस! एल्वुड, अंड्यांचा रस सांडेल!"

मिस्टर नेप एका हातात डबा आणि दुसऱ्या हाताने व्हर्नाचं कोपर धरून बसच्या पायरीशी अडकले होते. मर्लने त्यांच्या खांद्यावरची खोळबंद रायफल काढून घेतली. जोलीनने खोळीच्या चेनकडे हात नेला.

"थांब थांब!" मर्ल ओरडला. "मिस्टर नेपची रायफल तपासणार? मग रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांना विचार, बायबल वाचता येतं का म्हणून!"

सगळे खो खो हसले. जोलीनही हसली. तिचा हात मागे आला. "राहू दे, उशीर होतोय," ती म्हणाली, आणि खोळ तशीच बसच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात गेली.

जोलीन पहिल्यांदा त्यांच्या वर्गाला गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. तेवीस मुलगे आणि ही एकटी. मिस्टर नेप रायफल हातात द्यायचे, आणि घेणाऱ्याने प्रत्येक वेळी बोल्ट उघडून आत बघायचं. तीसदा दिली, तीसदा तिने बघितलं. मग म्हणाले, "शहाणी पोर आहेस. जा, तिकडे सफरचंदाचा गोड पाय भाजून ठेवलाय, एक तुकडा घे," आणि बोलता बोलता रायफल पुन्हा तिच्या हातात दिली. तिने ती तशीच टेबलावर ठेवली आणि पायकडे धावली. आत नकली काडतूस होतं.

ते ओरडले नाहीत. लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे दुमडून तिच्यासमोर बसले. "पोरी, मी चांगला माणूस आहे ना?" तिने मान हलवली. "मग नीट ऐक. चांगल्या माणसाने दिली म्हणून बंदूक रिकामी होत नाही. पुढच्या वर्षी ये." तिचं ते अख्खं वर्ष वाया गेलं होतं. ती घरापर्यंत रडत गेली, आणि पुढच्या वर्षी पहिली आली. आपल्या बापावर तिचा जीव होताच. पण बापानंतर जगात कुणाला आपला अभिमान वाटावा असं तिला वाटत असेल, तर ते मिस्टर नेप.

बसमध्ये तीन तास खाणं चाललं होतं. व्हर्नाने बीटाच्या रसात मुरवलेली लालभडक अंडी वाटली, मग हरणाच्या मांसाच्या बोलोन्या सॉसेजचे काप, मग काकवी घातलेला पाय. नको म्हणणाऱ्याला ती आजारी समजायची. मिस्टर नेपनी शिकारीच्या कॅम्पवर संडासाच्या छपरावर बसलेल्या अस्वलाची गोष्ट सांगितली. आत त्यांचा मेहुणा अडकला होता, सव्वा तास. बस हसून हसून बेजार झाली. मग पाऊण तासाने, नदी दिसायला लागली तेव्हा, मिस्टर नेपनी अस्वलाची गोष्ट पुन्हा सांगितली, पहिल्यापासून. लोक पुन्हा तितकेच हसले. जोलीनने व्हर्नाकडे बघितलं, तर व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती.

हॅरिसबर्गला ऊन छान पडलं होतं. विधान भवनाच्या हिरव्या घुमटाखाली, रुंद पायऱ्यांवर आणि समोरच्या हिरवळीवर दोनेक हजार माणसं होती. डोंगरातले शेतकरी, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, शहरातल्या दोन परिचारिका, बाबागाडीत बाळं घेऊन आलेली जोडपी. कुणी झेंडा आणलेला, कुणी कुत्रा. रस्त्यापलीकडे विरोधातल्या पंधरा-वीस बायका आपल्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. व्हर्ना दरवर्षी त्यांच्यासाठी अंडी घेऊन जायची. चार वर्षांत एकीनेही खाल्लं नव्हतं, पण डबा मात्र त्या दरवर्षी कौतुकाने उघडून बघायच्या, आणि त्यातल्या एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे व्हर्नाला ठाऊक होतं.

साडेअकराला मिस्टर नेपनी बोलायचं होतं. आयोजकांनी मुद्दाम बोलावलं होतं. चाळीस वर्षं, चार हजारांवर मुलं, आणि एकही अपघात नाही. एवढं मोठं आमच्याकडे दुसरं काय आहे दाखवायला, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. व्हर्नाने ते पत्र फ्रिजवर लावलं होतं. जोलीनने खोळी उघडून सगळ्यांच्या रायफली दिल्या तेव्हा मिस्टर नेपच्या हातात एक नारिंगी पट्टीही दिली. "लावतो गं," ते म्हणाले आणि ओळखीचा एक माणूस भेटला म्हणून वळले. पट्टी त्यांच्या शर्टाच्या खिशात गेली, आणि तिथेच राहिली.

अकराच्या सुमाराला ते जोलीनजवळ आले. "जरा आत जाऊन येतो. माझ्या वयाला सव्वा तास थांबवत नाही, अस्वल असो नसो." विधान भवनाच्या आत बंदूक नेता येत नाही. त्यांनी रायफल खांद्यावरून उतरवली आणि तिच्या हातात दिली.

बंद दिली. बोल्ट न उघडता.

जोलीनने हातातल्या रायफलीकडे बघितलं. वर्गातली परीक्षा सोडली, तर तीस वर्षांत या माणसाने तिच्याच काय, कुणाच्याच हातात बंद रायफल दिली नव्हती. ती हिरवळीच्या कडेला, जिथे माणसं नव्हती, तिथे गेली. नळीचं तोंड मातीकडे केलं आणि बोल्ट हळूच मागे ओढला. एक काडतूस, जिवंत, पिवळं धमक, बाहेर येऊन तिच्या तळहातात पडलं.

 सकाळपासूनचं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. बसचं पोट, त्यावर बसलेले एकोणतीस जण, खड्ड्यांचे रस्ते, मग गर्दी, बाबागाड्या. काही झालं नव्हतं. होऊ शकलं असतं, आणि झालं असतं तर तिच्यामुळे झालं असतं. तिने आजूबाजूला बघितलं. कुणी बघितलं नव्हतं. तिने काडतूस जीन्सच्या खिशात टाकलं, आपल्याजवळची जास्तीची पट्टी रायफलीत खोचली आणि वाटलं, संपलं. कुणाला काही कळायचं कारण नाही. ते भाषण करतील, टाळ्या घेतील, घरी जातील.

मग तिला शनिवार आठवला. शनिवारी वर्ग होता. बावीस मुलं, सगळ्यांत लहान दहा वर्षांचा.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी?" व्हर्ना रस्त्यापलीकडून अंड्यांचा डबा घेऊन परत येत होती. तिची नजर जोलीनच्या हातातल्या रायफलीवर गेली, मग जोलीनच्या तोंडावर. व्हर्ना चोपन्न वर्षं शिकाऱ्याची बायको होती. "भरलेली होती?"

जोलीनने मान हलवली.

व्हर्ना बाकावर बसली. बराच वेळ ती आपल्या पर्सचा पट्टा सरळ करत राहिली. "ग्राउंडहॉग," ती शेवटी म्हणाली. "मेला तो घुशीसारखा जाड्या, पहाटे माझ्या वाटाण्याच्या वाफ्यात घुसला होता. एल्वुड पायजम्यातच दारात उभा, रायफल घेऊन. गोळी भरलेली मी बघितली. मग तो जाड्या बिळात गेला आणि मी एल्वुडला म्हटलं, चल, आवर, बस निघेल. आणि तो आवरायला गेला. मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही कशाला? मी तपासायला हवी होती. माझं काम होतं."

"या महिन्यात दोनदा शेगडी चालू ठेवून बाहेर गेलाय. सुनेचं नाव विसरतो. मी बोलले की म्हणतो, तुला चोपन्न वर्षं माझ्यात खोटच दिसते." व्हर्ना हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. "मी सांगितलं तर ती किरकिर होते गं. मी वाट बघत होते, दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येऊ दे म्हणून. बघ, किती भेकड आहे मी."

"आत्ता नको सांगायला," जोलीन घाईने म्हणाली. "भाषण होऊ दे. घरी गेल्यावर बघू."

"घरी गेल्यावर तो म्हणेल, कोणतं काडतूस?"

ते खरं होतं. मिस्टर नेप आतून येताना दिसले, हात रुमालाला पुसत, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मान डोलावत. जोलीनला वाटलं, पायऱ्या कोसळाव्यात, घोषणा व्हावी, पाऊस यावा, काहीही व्हावं. काही झालं नाही. व्हर्ना उठली आणि चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभी राहिली.

"मिस्टर नेप, बसा जरा."

"बसायला वेळ कुठाय? माझा नंबर येईल आता." पण ते बसले. तिने खिशातून काडतूस काढलं आणि तळहात त्यांच्यासमोर धरला. तिला वाटलं होतं की काही तरी बोलता येईल, निदान सुरुवात करता येईल. तिच्या तोंडून फक्त एवढंच आलं, "चेंबरमध्ये होतं."

त्यांनी चष्मा वर केला. काडतूस उचललं नाही, फक्त बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून आधी रंग गेला आणि मग सगळं वय एकदम आलं.

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही. मी, आणि व्हर्ना."

"सकाळी तू तपासलीस?"

"नाही."

"का?"

"तुमची होती म्हणून."

आणि मिस्टर नेप संतापले. जोलीनने त्यांना आयुष्यात कधी संतापलेलं बघितलं नव्हतं. "माझी होती म्हणून? माझी होती म्हणून! एक वर्ष घालवलं तुझं मी याच्यासाठी! घरी रडत गेलीस, तुझा बाप माझ्याशी महिनाभर बोलला नाही, ते कशासाठी? मोठी झालीस, हातात काम मिळालं, आणि पहिल्याच दिवशी माझी होती म्हणून!" त्यांचा आवाज फाटला. "चल, नापास. आत्ताच्या आत्ता नापास."

"हो," जोलीन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि तिने ते पुसलं नाही. "मी नापासच आहे. पण तुम्ही पण आहात."

 पायऱ्यांवर कुणीतरी बोलत होतं, लोक टाळ्या वाजवत होते. मिस्टर नेप आपल्या हातांकडे बघत राहिले.

"ग्राउंडहॉग आठवतोय मला," ते म्हणाले, हळू. "वाटाण्याच्या वाफ्यातला. कान कसे हलवत होता ते पण आठवतंय. गोळी भरलेली आठवत नाही, पोरी. आत्ता जोर लावून बघितलं. तिथे काहीच नाही."

 तिने त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांत तिने कधी त्यांचा हात धरला नव्हता. त्यांच्याकडून रायफल घेतली होती, परत दिली होती, बस. हात हाडाचा आणि गार होता. व्हर्नाची पाठ अजून तिकडेच होती, पण खांदे हलत होते.

लाउडस्पीकरवर कुणी तरी मोठ्या उत्साहाने म्हणालं, "आणि आता, चाळीस वर्षं, चार हजार मुलं, एकही अपघात नाही! टॅनरी रनचे एल्वुड नेप!"

"मी जाऊन सांगते, तुम्हाला बरं नाही," जोलीन म्हणाली.

"मला काय झालंय?" मिस्टर नेप उठले. सवयीने त्यांनी रायफलीसाठी हात पुढे केला, मग तो तसाच मागे घेतला. "तुझ्याकडेच राहू दे."

ते रिकाम्या खांद्याने पायऱ्या चढून गेले. खिशातून भाषणाचा कागद काढला, बघितला, परत घडी करून ठेवला. मग माईकपाशी इतके वाकले की पहिला शब्द नुसताच खरखरला.

"मी एल्वुड नेप. या गृहस्थांनी आत्ता सांगितलं, एकही अपघात नाही. खरं आहे ते. पण आज सकाळी मी भरलेली रायफल बसमध्ये घातली. माझ्या शेजाऱ्यांच्या पायांखाली, तीन तास. मग ती घेऊन इथे तुमच्यात फिरलो."

टाळ्यांसाठी वर झालेले हात वरच राहिले. कुठेतरी एक कुत्रा भुंकला आणि त्याच्या मालकाने त्याला गप्प केलं.

"मला ठाऊक नव्हतं. इथे माझे पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यांना विचारा, 'ठाऊक नव्हतं' हे उत्तर मी कधी चालवून घेतलंय का." त्यांनी गर्दीकडे बघितलं आणि आवाज जरा चढवला. "माझ्या एका विद्यार्थिनीने ती उघडून बघितली. तिने ती सकाळीच बघायला हवी होती, पण माझा मान ठेवायला गेली. असला मान कुणी कुणाचा ठेवू नका. मी विसरायला लागलोय. घरी ठाऊक होतं, आता तुम्हालाही आहे. शनिवारचा वर्ग जोलीन यार्नल घेईल. तिला अजून विचारलेलं नाही. शिकारखात्याचा गेम वॉर्डन कुणी आला असेल तर मी त्या मेपलच्या झाडाखाली बसलोय. पळून जाण्याइतके गुडघे राहिलेले नाहीत. एवढंच."

कुणीही हसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. जोलीनला वाटलं, आता हे लोक त्यांना ओरडतील, नाही तर त्याहून वाईट म्हणजे कीव करतील.

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने, तिच्या ओळखीचाही नव्हता तो, खांद्यावरून आपली रायफल उतरवली, नळी आभाळाकडे केली आणि बोल्ट मागे ओढून आत बघितलं. त्याच्या शेजारच्याने बघितलं. मग त्यांच्या मागच्या बाईने. खट्, खट्, खटाखट, हिरवळभर तो आवाज पसरत गेला. ज्यांच्या रायफलीत पट्ट्या होत्या त्यांनीही पट्ट्या काढून आत बघितलं. नवऱ्याची बायकोने बघितली, बापाची मुलाने. दारावरच्या तरुण पोलिसाचा हात झटकन वायरलेसकडे गेला, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या साहेबाने तो धरला. "थांब रे," तो म्हणाला. "बघतायत फक्त."

जोलीनच्या हातातल्या रायफलीत पट्टी होती. ती तिने स्वतः, वीस मिनिटांपूर्वी, खोचली होती. तिने ती काढली आणि आत बघितलं. मग तिला इतकं रडू आलं की मर्ल, जो कधी गप्प बसत नाही, तो तिच्या शेजारी येऊन गप्प उभा राहिला. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाला, "पाद्रीबाबांचं मी उगाच बोललो गं."

मिस्टर नेप पायऱ्या उतरत होते आणि व्हर्ना गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे निघाली होती. गेम वॉर्डन खरंच एक आला होता, खाकी शर्टातला, चाळिशीचा. तो त्यांच्यासमोर उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मिस्टर नेप, मी ब्याऐंशीच्या... नाही, ब्याण्णवच्या वर्गातला. मला समन्स लिहावं लागेल."

"लिहायलाच हवं," मिस्टर नेप म्हणाले. "स्पेलिंग नीट लिही, तेव्हा तुला येत नव्हतं."

त्याने समन्स लिहिलं.  व्हर्नाने नवऱ्याची कॉलर नीट केली, ती नीटच होती. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तीन मिनिटांत संपवलंस, एल्वुड," ती म्हणाली आणि त्यांच्या दंडात हात घालून उभी राहिली. लोक येत होते, त्यांच्याशी हात मिळवत होते. फार बोलत नव्हते. रस्त्यापलीकडच्या बायकांमधली ती गुडघ्याच्या ऑपरेशनवाली काठी टेकत आली आणि व्हर्नाच्या गालाला गाल लावून परत गेली.

दोन वाजता बसपाशी जोलीनने सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. यावेळी कुणी विनोद केला नाही. मर्लने रायफल आधीच उघडून हातात धरली होती. मिस्टर नेप तिच्या शेजारी उभे राहून तिचे हात बघत होते, वर्गात बघायचे तसेच, एक भुवई वर करून. एकदा म्हणाले, "नळी खाली," तेव्हा तिची नळी खालीच होती, पण तिने अजून थोडी खाली केली.

सगळ्यांत शेवटी त्यांची स्वतःची राहिली. तिने बोल्ट मागे ओढला, आत बघितलं आणि रायफल त्यांच्यासमोर धरली. त्यांनीही बघितलं. डोळ्यांवर आता भरवसा नाही म्हणून करंगळी आत घालून चाचपलं.

"रिकामी," ते म्हणाले. "ही माझ्या घरी नको आता. तुझ्याकडे ठेव."

व्हर्ना बसच्या पायरीवर चढता चढता थांबली. ती रायफल त्यांच्या वडिलांची होती.

"ठेवते," जोलीन म्हणाली.  "आणि शनिवारी तुम्ही येणार आहात. मी एकटी घेणार नाही."

"येईन की. मागे बसेन. खायला काकवीचा पाय असेलच." ते दोन पायऱ्या चढले आणि वळले. "ते काडतूस कुठाय?"

"माझ्या खिशात. टाकून देऊ?"

"टाकतेस कशाला? शनिवारी मुलांना दाखव."

"काय सांगू त्यांना?"

"बसमध्ये नेलेल्या रायफलीत सापडलं म्हणून सांग."

"आणि कुणाची रायफल, असं विचारलं तर?"

मिस्टर नेपनी दाराची दांडी धरली. आत अंड्यांचा डबा पुन्हा फिरायला लागला होता, मर्ल इंजिन चालू करत होता.

"विचारायची वाट बघू नकोस," ते म्हणाले. "आधी माझं नाव सांग, पूर्ण नाव. मग वर्ग सुरू कर."

जोलीनने हो म्हटलं आणि रायफलीत पट्टी खोचली.